आज्ञापत्र आणि टोपीकर

राष्ट्रांच्या उत्कर्षापकर्षाचा विषय निघाला की कोणी हवामानाकडे बोट दाखवितो, कोणी वंशाकडे, तर कोणी केवळ दैवाकडे. आपल्या करवीर राज्याच्या इतिहासात या प्रश्नाचा असा एक दाखला आहे की, त्यापुढे ही तिन्ही उत्तरे लंगडी पडतात.

रामचंद्रपंत अमात्य यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांचे मर्म उघड करून सांगितले आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत; त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांचे बळ आरमारात व दारूगोळ्यात आहे. सबब वखारीस जागा देणेच पडले, तर ती खाडीवर वा समुद्रतीरी देऊ नये, असे अमात्य बजावतात. आरमाराच्या प्रकरणात तर लाकूडतोड करताना रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, इथवर त्यांची दृष्टी पोचते. प्लासीच्या लढाईपूर्वी बेचाळीस वर्षे हे लिहिले गेले! तेव्हा आम्ही अज्ञानामुळे बुडालो, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

मग उणे कोठे पडले? आमचे आरमार घराण्याचे होते, इंग्रजांचे व्यापारी मंडळीचे. १६०० साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीत माणसे बदलत; भांडवल, नकाशे व हिशेबाची बाडे पुढच्याच्या हाती जात. (कंपनीचे गुणगान करण्याचा हेतू नाही, बंगालची तिने केलेली लूट सर्वश्रुत आहे.) इकडे कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले आणि पुत्रांत कलह माजला. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांच्या पारिपत्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांनाच साह्यास घेतले व विजयदुर्गाच्या खाडीत मराठी आरमार जळाले. करवीरचा सिंधुदुर्ग इंग्रजांनी १७६५ साली घेतला. तो परत मिळाला खरा, पण १८१२ च्या तहाने मालवण गेले. जो किनारा देऊ नये म्हणून अमात्यांनी बजावले, तोच सहीशिक्क्यानिशी दिला गेला.

चीनची कथा निराळी नाही. मिंग दरबाराची प्रचंड जहाजे १४०५ ते १४३३ या काळात आफ्रिकेपर्यंत जाऊन आली. दरबाराचे मन पालटताच त्या सफरी थांबल्या. पोर्तुगीज कालिकतास पोचले ते १४९८ साली.

आणि खुद्द आज्ञापत्र? गोव्यात छापखाना १५५६ साली आला होता. तथापि हा ग्रंथ हस्तलिखितांतच राहिला आणि छापून लोकांपुढे आला तो मराठी राज्य लयास गेल्यानंतर. आपल्या ज्ञातीतील काही जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल अजून बांधलेलेच आहेत.