पाठभेदांची खूण : शाई आणि संगणक

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण येथे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांत त्याचे पाठ बिघडले होते. पाठांतरामुळे ग्रंथ अबद्ध झाला, असे कारण त्यांनी ग्रंथान्ती नमूद केले आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही दिली. परंतु कोणता पाठ टाकला व कोणता स्वीकारला, याची खूण त्या प्रतीत ठेवलेली नाही. पारायण करणाऱ्यास तिची गरज नव्हती. संशोधकाची मात्र त्यामुळे पंचाईत झाली. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक संहिता छापली तेव्हा नाथांनी नेमके काय बदलले, हा वाद उभा राहिला आणि त्याचा निवाडा नाथांच्या प्रतीवरून होण्यासारखा नव्हता.

खुणांची साधने नव्हती असे नाही. लेखक दंडांसाठी व पुष्पिकेसाठी हिंगुळाची तांबडी शाई वापरीत; गळलेल्या अक्षरासाठी हंसपद करीत; चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावीत. ('हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातलाच.) पण हरताळ चूक झाकतो, दाखवीत नाही.

भेद दाखविण्याचा हाच प्रश्न संगणकावर पुन्हा आला. १९७४ मध्ये युनिक्स प्रणालीबरोबर आलेला 'डिफ' हा प्रोग्रॅम दोन पाठांतील समान ओळींचा दीर्घतम क्रम शोधून उरलेला भेद सांगतो. पुढे अशा साधनांत टाकलेली ओळ तांबडी व नवी ओळ हिरवी दाखविण्याची रीत रुळली. तुलनेच्या एखाद्या लायब्ररीत रंगाची ही सोय घालणे वरवर किरकोळ वाटते. वस्तुतः रंग पाठात नसतो; टर्मिनलला तांबड्यासाठी ३१ व हिरव्यासाठी ३२ असे संकेत पाठवावे लागतात आणि ते अक्षरांबरोबरच जातात. तोच निकाल फाइलीत उतरविला तर संकेतही अक्षरे होऊन तेथे बसतात. समासातील टीप पुढच्या नकलेत मूळ ओवीत शिरावी, तसाच हा प्रक्षेप होय. म्हणून निकाल टर्मिनलवरच जात आहे याची खात्री झाल्याखेरीज रंग न लावणे हेच शहाणपणाचे. शिवाय तांबडा व हिरवा यांत भेद न दिसणारे वाचकही असतात. त्यांच्यासाठी ओळीच्या आरंभीची अधिक-उणे चिन्हे रंगाबरोबर कायम ठेवावी लागतात.