वरसईपासून झाशीपर्यंत

कोकणपट्टीचे वर्णन करताना लेखणी बहुधा माडांच्या रायांत आणि खाडीच्या पाण्यात रमून जाते. परंतु समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळले, म्हणजे भातखाचरांचे आणि अपुऱ्या उत्पन्नाचे दुसरे कोकण दृष्टीस पडते. घाट चढून परमुलखात गेलेला कोकणी माणूस पुष्कळदा या दुसऱ्या कोकणातला होता.

पेण तालुक्यातील वरसई हे असेच एक गाव. खाडीकडे मिठागरे व खारजमिनी, मागे डोंगर. येथील विष्णुभट गोडसे यांनी इ. स. १८५७ मध्ये चुलत्यांसह उत्तरेची वाट धरली, ती घरचे कर्ज फिटावे म्हणून. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल, एवढीच त्यांची आशा. बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ मध्ये. तेव्हा हा सारा प्रवास जुन्या पद्धतीचाच. वाटेत बंडाने गाठले आणि फिरत फिरत ते झाशीस पोहोचले.

झाशी त्यांना सर्वस्वी परकी नव्हती. तेथील नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. लांजाजवळच्या त्या डोंगराळ खेड्यातून निघालेल्या कुळाने बुंदेलखंडात सुभेदारी केली आणि महालक्ष्मीची उपासनाही सांभाळली. त्या आश्रयाला आलेल्या भिक्षुकाने मार्च १८५८ मधील सर ह्यू रोज यांचा वेढा तटाच्या आतून पाहिला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. सेनापतींच्या खलित्यांत तोफा आणि पलटणी यांचा हिशेब आहे. रहिवाशांची दैना आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश यांबद्दलची हळहळ गोडशांच्या लेखनात आहे. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. घरी आली ती गंगाजलाची कावड.

चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिलेला हा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये, फेरफारांसह, प्रसिद्ध झाला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम तो दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला. म्हणजे मूळ शब्द वाचकांपुढे येण्यास बराच काळ लागला.

गोडसे इतिहासकार नव्हते. पोटासाठी बाहेर पडलेले गृहस्थ होते. बदलीच्या हुकमाने दूर देशी येणाऱ्या आपणां नोकरदारांचे त्यांच्याशी नाते आहे ते येथे. येथील मराठी वाडे पडत चालले, घराणी पांगली. त्यांतील वृद्धांकडून ऐकलेले चार शब्द आपण दप्तराबाहेरच्या एखाद्या वहीत उतरवून ठेवले, तर पुढच्या संशोधकास तेवढाच आधार मिळेल.