नावातली गाठ

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द दिसला की घरात पहिला प्रश्न येतो तो गाठींचा. किती आहेत? ऑपरेशन लागेल का? मग दबक्या आवाजात दुसरा: मूल होईल ना? दोन्ही प्रश्न जुने आहेत आणि पहिला तर चुकीच्या नावातून आलेला आहे.

१७२१ साली इटलीच्या अंतोनिओ वाल्लिस्नेरी या वैद्याने एका तरुण शेतकरी स्त्रीची नोंद केली. लग्न झालेलं, अंगाने काहीशी स्थूल, मूल नाही. तिची अंडाशयं मोठी, खडबडीत, पांढरट आणि चकचकीत होती, कबुतराच्या अंड्यांसारखी.

पुढची मोठी नोंद १९३५ची. शिकागोच्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांचा अभ्यास छापला. पाळीची तक्रार, काहींच्या अंगावर जादा केस, आकाराने वाढलेली अंडाशयं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, त्यामुळे खात्री करायला पोट उघडावं लागे. तपासणीसाठी अंडाशयाचा तुकडा काढल्यावर काहींची पाळी सुरू झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी उपचार म्हणूनच दोन्ही अंडाशयांचा पाचरीच्या आकाराचा मोठा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी परत आली, दोघींना दिवस गेले.

ही शस्त्रक्रिया पुढे अनेक वर्षं चालली. पण कापलेल्या जागी आतले अवयव एकमेकांना चिकटायचे आणि त्यातूनच मूल न होण्याचं नवं कारण उभं राहायचं. १९६१मध्ये रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी क्लोमिफेन या गोळीने बीजांड बाहेर पडतं हे दाखवलं आणि सुरी हळूहळू मागे पडली.

मग त्या ‘गाठी’ काय होत्या? दर महिन्याला अंडाशयात बारीक पिशव्या वाढू लागतात. एरवी त्यातली एक पूर्ण वाढून फुटते आणि बीजांड बाहेर येतं. पीसीओएसमध्ये त्या अर्ध्या वाटेवर थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच थांबलेल्या पिशव्या. त्या कापून काढायच्या गाठी नव्हेत. मुळाशी संप्रेरकांचा बिघाड असतो. १९८०मध्ये त्याचं इन्सुलिनशी नातं पुढे आलं. २००३च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन खुणा पुरतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य आणि सोनोग्राफीतलं चित्र. म्हणजे ‘गाठी’ न दिसताही हे निदान होऊ शकतं. २०१२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी हे नाव बदलायला हवं असं सुचवलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही बदलत गेलं. स्तनांच्या कर्करोगासाठी वापरलं जाणारं लेट्रोझोल इथेही उपयोगी पडतं, असं दिसत होतं. २०११मध्ये भारतात वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली. ती पुढे उठली. २०१४मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास छापून आला. जास्तीत जास्त पाच चक्रांच्या उपचारांत क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के, तर लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं.

आकडे शंभर टक्के नाहीत, हे खरं. पण त्या शेतकरी स्त्रीला ‘वांझ’ म्हणण्यापलीकडे कुणाकडे काही नव्हतं. आज रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या मुलीला निदान एवढं सांगता येतं: बीजांडं आहेत, वाटेत अडली आहेत आणि पुष्कळदा ती वाट मोकळी करता येते.