अंगणाखालचा मुरूम

नागपूरच्या सीताबर्डी टेकडीच्या पूर्वेस जमीन हळूहळू सखल होत जाते. तेथे गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या एकत्र करून वसवलेले नगर पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांची राजधानी झाले, आणि राजवाड्याभोवती सरदार व कारभारी मंडळींच्या वाड्यांनी जो भाग भरून गेला तोच आजचा महाल होय. या वाड्यांच्या कोरीव खांबांविषयी आणि सज्जांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या अंगणांखाली काय घातले होते, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही, वस्तुतः कोणते अंगण टिकले आणि कोणते उखडले याचे कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

नागपूर परिसरात पश्चिमेकडील लाव्हाजन्य काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली काळी माती दूरवर पसरलेली आहे. इंग्रजी अमदानीतील जमीनबंदोबस्तात तिचे स्थानिक प्रकार नावांनिशी नोंदले गेले: खोल व चिकण ती काळी, चुनखडीचे खडे मिसळलेली मोरंड, मुरमावर पातळ थर असलेली खरडी आणि तांबूस, खडकाळ बरडी. काळीतील चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडून गेले की आकसते. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि त्यापाठोपाठ वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे जी माती मे महिन्यात बोटभर रुंदीच्या भेगांनी फाटते तीच ऑगस्टमध्ये वरची फरशी उचलून धरते. कपाशीला जो गुण पोसतो तोच बांधकामाच्या मुळावर येतो. गावाने पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, वसावे आणि काळी नांगरावी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत या अनुभवातूनच पक्की झाली असावी. पण राजधानी वाढू लागली म्हणजे तिला जमिनीची निवड करण्याची चैन परवडत नाही.

अशा जमिनीवर अंगण करताना जुने कारागीर आधी वरची काळी माती उपसून काढीत, खड्ड्यात मुरूम, म्हणजे झिजलेल्या खडकाचा खडबडीत भुगा, थराथराने भरीत, प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसाने ठोकीत आणि पृष्ठभागाला जोत्यापासून बाहेरच्या मोरीकडे किंचित उतार ठेवीत. धुमस म्हणजे जड बुडाचे, उभ्याने वरखाली आपटायचे ठोकणे. यावर पांढऱ्या मातीचा थर चोपण्याने चोपून गुळगुळीत केला जाई आणि मग शेणाने सारवला जाई. ऐपतदारांच्या चौकात त्याऐवजी दगडी फरसबंदी असे. या दोन्ही प्रकारांची खुबी अशी की त्यांना ताठरपणाचा सोस नव्हता. सारवणाला भेग पडली तर पुढच्या सारवणात ती बुजे, आणि सुटी फरशी उचलली गेली तर ती काढून, खाली मुरूम सारून पुन्हा बसवता येई. अंगण दुरुस्त होत राहणार, हे यात गृहीतच धरलेले होते. आणि ती दुरुस्ती रोजच्या रोज घरातल्या बायकांच्या हातून होत असे, हेही नमूद केले पाहिजे.

१८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर राज्य खालसा झाले, १८६४ मध्ये राजवाडा जळाला आणि महालातील वाड्यांना उतरती कळा लागली. पडक्या वाड्यांची मोकळी अंगणे मैदाने म्हणून वापरात आली. ज्या मोहिते वाड्याच्या जागेवर १९२६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची नित्य शाखा भरू लागली, तोही असाच पडका वाडा होता. दरम्यान १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली होती आणि दूरवरचे बांधकाम साहित्य आणणे सोपे झाले होते. यथावकाश शाहाबादी फरशी आणि त्यामागून सिमेंटचा कोबा अंगणात आला. कोबा म्हणजे जागेवरच ओतून घोटलेला अखंड थर. अखंडपणा हाच त्याचा दोष ठरला. अंगण पूर्ण झाकले की मधल्या मातीतील ओल उडून न जाता साठत राहते व तो भाग फुगतो, कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकून आकसते. त्यामुळे कडेला समांतर भेगा पडतात, त्यांतून पावसाचे पाणी खाली उतरते आणि पुढच्या वर्षी भेग आणखी रुंदावते. पोपडा काढून पुन्हा कोबा घालणाऱ्यांनी रोगाऐवजी लक्षणावर इलाज केला.

या प्रश्नाची शास्त्रीय उकल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतील कालव्यांच्या अस्तरांचा अभ्यास करून असे दाखवले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण स्वतःशी चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेशा जाडीचा थर घातला तर वरच्या अस्तराला पोचणारा फुगवटा खूपच कमी होतो. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली. अशा थरासाठी योग्य ठरलेल्या पदार्थांत मुरूम आहे. वाड्यांच्या कारागिरांना हा सिद्धान्त ठाऊक नव्हता आणि त्यांचे थरही कालव्याच्या मापाचे नसत, परंतु त्यांनी दिशा अचूक धरली होती.

कृत्रिम गवत हे या मालिकेतील सर्वांत अलीकडचे आच्छादन. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छताखालच्या क्रीडागारात खरे गवत जगेना म्हणून ते अंथरले गेले, १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून हॉकीने ते स्वीकारले, आणि आता शहरोशहरी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या क्रिकेटच्या ‘टर्फ’पासून घराच्या अंगणापर्यंत ते पोचले आहे. लवचीक असल्यामुळे ते कोब्यासारखे फुटत नाही, आणि म्हणूनच ते थेट काळ्या मातीवर अंथरण्याचा मोह होतो. परिणाम मात्र पहिल्याच पावसाळ्यात दिसतो: माती फुगून चढउतार उमटतात, जोड उसवतात, आणि तळाच्या छिद्रांतून उतरलेले पाणी चिकणमातीत न मुरता तिथेच साचून कुजका वास सुटतो. योग्य रीत जुन्याच वळणाची आहे. वरची माती काढणे, माती आणि भराव एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारे कापड, घालणे, मुरूम व गिट्टीचे थर दाबणे, वर दगडाची चुरी पसरणे आणि पाण्याला वाट काढून देणे. उन्हाचा प्रश्न यानेही सुटत नाही, कारण नागपूरच्या मे महिन्यात प्लास्टिकचे गवत ६० अंशांच्या पुढे तापते आणि अनवाणी पाय ठेववत नाही. त्या कसोटीवर सारवलेले अंगण सरस होते. तरीही ज्यांना हे गवत घालायचेच आहे, त्यांनी दुकानात त्याचा रंग आणि लांबी पाहण्यापूर्वी ठेकेदाराला खाली मुरूम किती इंच घालणार, हे विचारून लेखी घ्यावे.