दलदलीतील पक्ष्यांची घरट्यांसाठी भांडणे आणि सूर्यफुलाचे पीक

सूर्यफुलाच्या शेताजवळ पाणथळ जागा असेल, तर पक्ष्यांचा उपद्रव वाढतो. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा या प्रमुख सूर्यफूल उत्पादक राज्यात हे स्पष्टपणे दिसते. तेथील दलदलीत पक्ष्यांच्या वेगवेगळ्या जाती घरट्याच्या जागेसाठी एकमेकींशी भांडतात. या भांडणाचा पिकाशी काय संबंध आहे, ते समजून घेऊया.

भांडणारे पक्षी कोणते?

- लाल खांद्याचा ब्लॅकबर्ड: नराचे वजन सुमारे 65 ते 70 ग्रॅम. वसंत ऋतूत सर्वांत आधी येतो आणि दलदलीचा मोठा भाग ताब्यात घेतो.
- पिवळ्या डोक्याचा ब्लॅकबर्ड: नर जवळपास 100 ग्रॅमचा. उशिरा येतो, पण अंगाने मोठा असल्याने आधीच्या पक्ष्याला हुसकावतो.
- मार्श रेन: 10 ते 12 ग्रॅमचा चिमुकला पक्षी. तो ब्लॅकबर्डच्या घरट्यात शिरून चोचीने अंडी फोडतो, पण ती बहुधा खात नाही.

भांडणाचे कारण

पिवळ्या डोक्याचा पक्षी खोल पाण्यात उभ्या असलेल्या पाणकणसावर घरटे बांधतो. तेथे पाण्यातून बाहेर पडणारे कीटक पिलांसाठी मुबलक मिळतात आणि जमिनीवरून येणारे शिकारी प्राणी घरट्यापर्यंत सहज पोहोचत नाहीत. त्यामुळे दलदलीचा मधला भाग त्याच्याकडे जातो, तर लाल खांद्याच्या पक्ष्याला काठावर किंवा उथळ पाण्यात सरकावे लागते. गॉर्डन ओरियन्स आणि मेरी विल्सन या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये अशा आंतरजातीय हद्दींवर लिहिलेला शोधनिबंध आजही महत्त्वाचा मानला जातो.

मार्श रेनचे कारण थोडे वेगळे आहे. शेजारची घरटी मोडली की अन्नातील वाटेकरी कमी होतात. म्हणूनच दोन्ही ब्लॅकबर्ड त्याला दिसताच पिटाळतात.

यामुळे पीक वाचते का?

नाही. ही भांडणे घरटी करण्याच्या काळापुरतीच असतात. त्या काळात ब्लॅकबर्ड पिलांना मुख्यतः कीटक भरवतात, त्यामुळे पिकाला फारसा धोका नसतो. पिले उडू लागली की हद्दी संपतात. मे-जूनमध्ये भांडणारे दोन्ही ब्लॅकबर्ड ऑगस्टमध्ये एकत्र थवे करतात, रात्री पाणकणसात मुक्काम करतात आणि दिवसा सूर्यफुलावर उतरतात. पाकळ्या गळल्यानंतरच्या पहिल्या अडीच-तीन आठवड्यांत सर्वाधिक नुकसान होते. ते सर्व शेतांत सारखे नसते. दलदलीलगतच्या शेतांना जास्त फटका बसतो.

तेथे कोणते उपाय केले जातात?

1. दाट पाणकणीस विरळ करून मधे मोकळे पाणी ठेवणे, म्हणजे मोठ्या थव्यांना रात्रीचा आसरा मिळत नाही.
2. मुक्कामाच्या जागेला लागून सूर्यफूल न पेरणे.
3. परिसरातील पेरणी एकाच सुमारास करणे. एकटे लवकर किंवा उशिरा पक्व होणारे शेत सर्व पक्ष्यांचे लक्ष्य बनते.
4. दाणे भरू लागताच पक्षी हाकलणे. थव्याला एकदा शेताची सवय लागली की तो सहज हटत नाही.

आपल्यासाठी काय लक्षात घ्यावे?

हे दोन्ही ब्लॅकबर्ड महाराष्ट्रात आढळत नाहीत. आपल्याकडे सूर्यफुलाला मुख्य उपद्रव पोपटांचा होतो. पोपट झाडांच्या ढोलीत घरटी करतात आणि त्या ढोल्यांसाठी मैनेशी भांडतात. त्यामुळे तळ्याकाठचे पाणकणीस काढल्याने पोपट कमी होणार नाहीत, उलट तेथे घरटी करणाऱ्या इतर पक्ष्यांचा निवारा जाईल. आधी नुकसान करणारा पक्षी ओळखावा, तो कोठे राहतो ते पाहावे आणि मगच उपाय ठरवावा.

पेरणीची वेळ शेजाऱ्यांशी जुळवून घ्यावी. दाणे भरण्याच्या अवस्थेत सकाळी व सायंकाळी राखण करावी आणि चमकदार फिती लावल्यास त्यांची जागा अधूनमधून बदलावी. पक्व पीक शेतात रेंगाळू न देता वेळेवर काढावे. पक्ष्यांची घरटी किंवा अंडी नष्ट करू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांच्या बाबतीत तो गुन्हा ठरतो.