वैतागातून आलेले स्वर

चर्चमधल्या ग्रेगोरियन गायनाला पोप ग्रेगरीचं नाव चिकटलंय खरं, पण तो सहाव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या काळात स्वर लिहायची सोयच नव्हती, सगळं तोंडपाठ. नवव्या शतकात शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा आल्या. आवाज चढतो की उतरतो एवढं त्या सांगत. किती, ते नाही. ज्याला चाल आधीच येते, त्यालाच त्या उपयोगाच्या.

याचा खरा वैताग आला ग्वीदो नावाच्या साधूला. इटलीत फेराराजवळ पोम्पोझाच्या मठात तो गाणं शिकवायचा. जन्मभर गाऊनही गुरूवाचून साधं पद म्हणता येत नाही, अशा गायकांइतकं मूर्ख कुणी नाही, हे त्यानं लिहूनच ठेवलंय. मठात तो नकोसा झाला यात नवल ते काय! १०२५च्या सुमारास तो अरेत्सोच्या बिशपकडे गेला.

त्यानं स्वर मांडायच्या रेघा पक्क्या केल्या. त्यातल्या दोन रंगीत: एक लाल, एक पिवळी. त्या रेघांवरच्या स्वरांखाली अंतर अर्ध्या स्वराचं असतं आणि गाणारा नेमका तिथंच घसरतो.

पण मुलांना रेघ दिसून काय उपयोग, कानात स्वर हवा. त्यासाठी त्यानं संत योहानाचं एक लॅटिन स्तोत्र धरलं. त्याच्या पहिल्या सहा चरणांत प्रत्येक चरण मागच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. आरंभीची अक्षरं: उत्, रे, मी, फा, सोल, ला. स्तोत्र पाठ झालं, की नव्या पदात स्वर अडला तर त्या जागेचा चरण मनात म्हणायचा, स्वर सापडतो. बिलावलात ग आणि म जितके जवळ, तितकेच मी आणि फा. आणि आपल्या सासारखाच ‘उत्’ही कुठल्या एका पट्टीला बांधलेला नव्हता.

दहा वर्षांत अर्धवट येणारं गाणं आपण एक-दोन वर्षांत शिकवतो, असं ग्वीदो म्हणे. जाहिरातीचा वास येतो. पण पोप एकोणिसाव्या जॉननं त्याला रोमला बोलावलं आणि कधी न ऐकलेली ओळ स्वतः पोथीत बघून म्हटली. रोमचा दमट उन्हाळा ग्वीदोला सोसला नाही, तो परतला. सातवा ‘सी’ आणि ‘उत्’च्या जागी ‘दो’ ही नंतरची भर.

पोर्तुगिजांबरोबर हे स्वर गोव्यात उतरले. चर्चच्या शाळांतून पोरं ‘सोल्फा’ घोकू लागली. पुढं मुंबईच्या सिनेमाला नोटेशन वाचणारे वादक लागले, ते बरेचसे गोव्याचेच. संगीतकाराला चाल सुचायची. वाद्यवृंदासाठी ती कागदावर मांडायला सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं असत. माजोर्ड्याच्या या गोन्साल्विसांकडं संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचं नाव घालून मोकळे झाले.