पटकीचा वाद आणि डॉक्टर स्नो यांची रीत

पटकी, म्हणजे कॉलरा, दूषित पाण्याने होते, हे आज शाळेतले पोरही सांगेल. पण श्रोतेहो, हे पटवून देणे सोपे नव्हते. 1849 साली लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांनी छोटे पुस्तक काढून ते मांडले. रोग आतड्यांचा, तेव्हा त्याचे विष तोंडावाटेच जात असले पाहिजे, असा त्यांचा तर्क. पण गलिच्छ वस्तीत पाण्याबरोबर हवाही घाण. मग दोष पाण्याचाच कशावरून?

आपल्याकडे शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, मग त्याचे खंडन करतात. 1855 च्या वाढवलेल्या आवृत्तीत स्नो यांनी या शंकेला तसेच उत्तर दिले. दक्षिण लंडनमध्ये कित्येक गल्ल्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारशेजारच्या घरांत होते. हवा तीच, वस्ती तीच. एक कंपनी 1852 पासून थेम्स नदीचे पाणी शहराच्या वरच्या अंगाला घेई. दुसरी शहरातले, गटारे मिळालेले. 1854 च्या साथीत पहिल्या सात आठवड्यांत दर 10,000 घरांमागे पहिलीकडे 37 माणसे दगावली, दुसरीकडे 315! हवेला दोष द्यायला जागाच उरली नाही.

तरीही सरकारी समितीने ते मानले नाही. 1858 साली स्नो वारले. पुढे 1866 च्या साथीत, पूर्वी हवेला दोष देणारे विल्यम फार यांनीच पूर्व लंडनच्या पाण्याकडे बोट दाखवले.

गुरुजींनी मुलांना निष्कर्षाबरोबर ही रीतही शिकवावी. ‘हेच खरे’ म्हणण्यापूर्वी ‘दुसरे कारण तर नसेल?’ हे आपणच आपल्याला विचारावे.